नाममुद्रेवर जाऊ नकोस, अक्षरं मोज

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

स्त्री-संतांचे अभंग वहीत उतरवणार आहेस ना, मग शेवटची नाममुद्रा, म्हणजे शेवटी गुंफलेलं रचनाकाराचं नाव, बघून लगेच वर नाव टाकू नकोस. आधी अक्षरं मोज.

रीत सोपी आहे. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही, जोडाक्षर एकच धरायचं, अनुस्वार वेगळा मोजायचा नाही. मोठ्या अभंगात ६-६-६-४ असे चार चरण, आणि यमक बहुधा दुसऱ्या-तिसऱ्याचं. लहान अभंगात ८-८ चे दोन चरण. कान्होपात्रेचं 'नको देवराया । अंत आता पाहू । प्राण हा सर्वथा । जाऊ पाहे' मोजून बघ, नेमकी २२ भरतात. सगळीकडे इतकं काटेकोर मिळणार नाही. गायच्या रचनेत एखादं अक्षर कमीजास्त खपून जातं.

खरी मेख मुद्रेत आहे. 'जनी म्हणे', 'नामा म्हणे', 'चोखा म्हणे', सगळ्यांची अक्षरं ४. एकाच्या जागी दुसरं बसलं तरी ताल अडखळत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. जनाबाईच्या बाबतीत हे फार जपायला हवं, कारण तिचे अभंग नामदेवांच्या गाथेतच छापले गेले. त्यातल्या त्यात 'नामयाची जनी' ही ६ अक्षरी मुद्रा भरवशाची. तिथे 'नामा म्हणे' कोंबलं की चरण लंगडतो.

चोखामेळ्याची बायको सोयराबाई, तिची मुद्रा तर यमकातच जखडलेली आहे. 'अवघा रंग एक झाला'चा शेवट बघ: 'पाहते पाहणे गेले दुरी । म्हणे चोखियाची महारी'. इथे 'चोखा म्हणे' घालायचं तर 'दुरी'चं यमकच मोडावं लागेल. आपली जात आणि नवरा दोन्ही तिने एका ओळीत असे पक्के बसवलेत, की दुसऱ्या कुणाला तिथे जागाच उरत नाही. मला ही मुद्रा सगळ्यांत आवडते.

क्रियापद स्त्रीलिंगी आहे म्हणून रचना बाईची, असं मात्र धरू नकोस. विरहिणी आणि गौळणी, म्हणजे विरही स्त्रीच्या नि गोपींच्या तोंडच्या रचना, पुरुष संतांनीही भरपूर रचल्यात. उलट मुक्ताबाईच्या ताटीच्या अभंगांत 'विश्व रागे झाले वन्ही । संते सुखे व्हावे पाणी' हा थेट उपदेश आहे; बाईपणाची खूण शोधत बसलास तर हाती काही लागायचं नाही.

उतरवताना शब्द आजचे करू नकोस. 'विठो माझा लेकुरवाळा'मध्ये 'बंका कडियेवरी' आहे, ७ अक्षरं. तू सवयीने 'कडेवरी' लिहिलंस की ६ उरतात. 'चोखियाची'चं 'चोख्याची' केलं तरी तेच. नंतर मोजताना दोष संताच्या माथी जातो, चूक असते आपली.

आणि दोन बहिणाबाई एकत्र करू नकोस, बाबा. वेरुळजवळच्या देवगावच्या, तुकोबांना गुरू मानणाऱ्या, शिऊरला समाधी असलेल्या संत बहिणाबाई १६२८ ते १७०० मधल्या. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी १८८० ते १९५१ मधल्या. 'संतकृपा झाली । इमारत फळा आली' हा पहिलीचा. त्यात 'तुका झालासे कळस' येतं म्हणून बरेच जण तो तुकोबांच्या नावावर खपवतात. पुढची 'बहेणि फडकती ध्वजा' ही ओळ कुणी वाचतच नाही.

सुरुवात सोयराबाईपासून कर. जनाबाईच्या गठ्ठ्याला वेळ लागेल, तो शेवटी घे.

तुझाच,
मित्र