सायली, तुझ्या हॉलमधल्या प्रिंट्सबद्दल

सायली बाळा,

तू पाठवलेले सगळे फोटो काल रात्री झूम करकरून बघितले. पहिलं सांगते, कापडं सगळीच छान निवडलीयेस, एकही परत करू नकोस. कच्छचं ठशांनी छापलेलं लाल-निळं अजरख, जयपूरकडची ती सांगानेरी छापाची फुलं, खणाचा तुकडा आणि आजीची इरकल साडी. तू लिहिलंयस की सगळं सोफ्यावर एकत्र टाकलं की नुसता गोंधळ दिसतो म्हणून पडदे प्लेन ग्रे घेऊन मोकळी होते. नको गं घेऊस. इतकी सुंदर कापडं जमवायची आणि मग घाबरून ग्रे लावायचा, हे मला अजिबात पटत नाही.

प्रिंट जास्त झाल्यात म्हणून गोंधळ दिसत नाहीये, तिथे दोन पांढरे एकमेकांशी भांडतायत. नीट बघ. सांगानेरीचा बेस पांढराशुभ्र आहे, एकदम धुतल्या तांदळासारखा. अजरखातला पांढरा तसा नसतोच, कारण छपाईच्या आधी ते कापड हिरड्याच्या पाण्यातून काढतात, त्यामुळे त्याला जरा पिवळट झाक राहते. हे दोन शेजारी ठेवले की शुभ्र वाला भगभगीत वाटतो आणि अजरख उगाच मळकट. आपण लाल-निळा जुळवत बसतो आणि पांढऱ्याकडे कोणी बघतच नाही. तर सांगानेरी सगळं बेडरूममधे ने, तिथे पांढऱ्या बेडशीटवर ते खुलेल. हॉलमधे अजरख, इरकल आणि खण राहू देत. आजीच्या पदरातला पांढरा रेशीम वापरून वापरून क्रीम झालाय, तो अजरखाशी बरोबर जातो.

आणि ह्या तिघांचं जमेल का ही शंकाच मनात आणू नकोस. आजी कायम इरकलीवर खणाची चोळी घालायची, आठवतंय ना? अंगावर बारीक चौकडी, काठ वेगळा, पदराला लाल-पांढरे दाते, चोळीवर परत तिसरीच बुट्टी आणि चोळीला तिचा स्वतःचा काठ. मोजायला गेलं तर चार-पाच डिझाईन्स एका अंगावर, पण कधी डोळ्याला खुपलं नाही, कारण काठातला लाल चोळीत परत यायचा आणि डिझाईन्सचे आकार वेगवेगळे होते. सारख्या मापाच्या दोन प्रिंट शेजारी आल्या की त्रास होतो. तुझ्याकडे अजरखाची मोठी चक्रं आहेत, खणाची मधली बुट्टी आहे आणि इरकलीची चौकडी तर इतकी बारीक की दाराशी उभं राहून बघितलं तर प्लेन गर्द निळाच वाटतो. म्हणजे तुला हवा होता तो प्लेन पडदा तुझ्याकडे आहेच.

तर मी असं करेन. इरकलीचे पडदे. नऊवारी आहे, सात फुटाचे दोन पडदे निघून पदर अख्खा वेगळा राहील, तो कापायचा नाही, दिवाणाच्या मागच्या भिंतीवर लावू. साडी उभी वापरली की दोन्ही काठ पडद्याच्या कडेला उभे येतात, फार देखणं दिसतं. पण अस्तर लावल्याशिवाय खिडकीत टांगायची नाही हं, तुझ्याकडे दुपारचं ऊन थेट येतं आणि जुनं सूत-रेशीम उन्हाने विरतं. अजरख दिवाणावर. खणाला चमक आहे आणि बाकीची दोन्ही कापडं मॅट, त्यामुळे तो थोडासाच वापरायचा, एक कुशन आणि अजरखाच्या लोडाला खणाची उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी घालून पायपिंग. तसाही खणाचा पन्हा लहान असतो, मोठं काही होत नाही त्याचं.

अजरख अजून लागणार असेल तर सगळं एकदम आणि एकाच लॉटचं घे. तो रंग पाण्यावर अवलंबून असतो. २००१ च्या भूकंपानंतर कच्छमधे अजरख छापणाऱ्या धमडका गावाचं पाणी बदललं, त्यात लोह वाढलं, म्हणून तिथल्या छपाई करणाऱ्या कितीतरी खत्री कुटुंबांनी उठून अजरखपूर हे गाव नवीन वसवलं, इतका पाण्याचा फरक पडतो. मग दोन महिन्यांनी तोच ठसा मिळेल पण तोच लाल मिळेलच असं नाही, आणि दिवाण एका लालचा, लोड दुसऱ्या लालचा हे फार वाईट दिसतं. शिवायच्या आधी एक रात्र भिजत घाल, एकटंच, निळा सुटतो आणि दुसऱ्या कापडाला लागला तर जात नाही. सुती आहे, आटेल पण, म्हणून आधी कापून बसू नकोस.

एक करून बघ, तिन्ही कापडं दिवाणावर टाकून फोनमधे ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढ. सगळं एकच करडं दिसलं तर कुठेतरी फिकं काहीतरी हवंय, मग एक साधं क्रीम रंगाचं कुशन पुरे. आणि रात्री पिवळ्या लाइटमधे पण बघ, इंडिगो तेव्हा काळा वाटायला लागतो, त्या कोपऱ्यात लाल जास्त ठेव. हो, बाबा म्हणतायत सोलापुरी चादर पण ने. नेच, पण ती बेडच्या पायथ्याशी घडी घालून, तिचं डिझाईन मोठं आहे, हॉलमधे अजरखासमोर नको.

भाड्याचं घर आहे म्हणून कशाला एवढं, असं तू मागे म्हणालीस. तू तिथे रोज राहतेस ना? मग ते घरच आहे तुझं.

पडद्याचं माप रॉडपासून खाली घे, खिडकीच्या चौकटीपासून नको, आणि मला इंचात पाठव. अस्तर तिकडे विकत घेऊ नकोस, माझ्याकडे धुतलेला मांजरपाट ठेवलाय, तोच लावून शिवून पाठवते.

तुझी
आई