बीडलॉक लावा, पण चाक खोलणाऱ्याला आधी सांगा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सातपुड्यात गाड्या फिरवणाऱ्या तरुणांवरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. फोटो झकास होते. पण बीडलॉक, म्हणजे टायरची कड बोल्टांनी आवळून धरणाऱ्या चाकांबद्दल त्यात गाडी कशी दमदार दिसते एवढंच आलं. चोपड्यात बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यावर माझं टायरचं दुकान आहे. केळीचे ट्रक आणि ट्रॅक्टर हे आमचं जुनं गिऱ्हाईक. आता थार आणि जिमनीवाली पोरंही येतात, आणि त्यांच्या चाकाला हात लावतो तो अठरा-वीस वर्षांचा कामगार. त्याच्या बाजूनं दोन शब्द लिहितो.

साध्या डिस्कवर टायरची कड जागेवर राहते ती आतल्या हवेच्या दाबानं. तापीच्या रेतीत किंवा नाल्यातल्या गोट्यांवर गाडी न्यायची तर हवा कमी करावी लागते. टायर पसरतो, पकड वाढते. हवा फारच उतरली आणि वळताना चाकावर आडवा जोर आला, की कड डिस्कवरून सुटते आणि टायर तिथंच चपटा होतो. बीडलॉकमध्ये बाहेरची कड डिस्कचा कठडा आणि वरून लावलेली रिंग यांच्यात चोवीस ते बत्तीस बोल्टांनी आवळलेली असते. म्हणून आठ-दहा पाउंड हवेवरही टायर निघत नाही. बहुतेक चाकांत आतली कड मात्र नेहमीसारखी हवेवरच असते, हे घेणाऱ्यालाही माहीत नसतं.

रस्त्यावरच्या तीस-बत्तीस पाउंडांवरून सतरा-अठरापर्यंत उतरायला साधी डिस्क पुरते. गाडी हळू चालवा, वळताना स्टेअरिंग झटकू नका, आणि डांबरी लागायच्या आधी हवा भरून घ्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. कमी हवेत हायवेला पळवलेल्या टायरची बाजू आतून भाजून निघते. मारुळ-यावल काय नि शिरपूर काय, माझ्याकडे येणाऱ्यांपैकी दहा पाउंडांवर खरोखर गाडी चालवणारा क्वचितच. बाकीच्यांनी ते पैसे हवा भरायच्या चांगल्या कॉम्प्रेसरवर घालवावेत. गिऱ्हाईक तुटलं तरी मी हे तोंडावर सांगतो.

ज्यांना खरंच लागतं त्यांनी बसवताना घाई करू नये. आतली कड साबणपाणी लावून आत सरकवायची, बाहेरची कठड्यावर ठेवायची आणि टायर नीट मधोमध आणायचा. अर्धा वेळ इथंच जातो. टायर एका बाजूला सरकलेला असेल तर पुढं कितीही आवळा, चाक लटपटणार. मग रिंग ठेवून सगळे बोल्ट बोटांनी धरवायचे. एक इथला, एक समोरचा, असं थोडं थोडं आवळत चार-पाच फेऱ्या मारायच्या. रिंगेखालची फट सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. शेवटची फेरी टॉर्क पान्यानं. गाडीच्या चाकाचे नट शंभराच्या पुढं न्यूटन-मीटर मागतात, इथं बहुतेक कंपन्या साधारण वीस ते सत्तावीसच सांगतात. आकडा चाकासोबतच्या कागदावर असतो, आणि तो कागद गिऱ्हाईक हमखास घरी विसरतो. इम्पॅक्ट गन लावली की ॲल्युमिनियमचे आटे गेलेच. आमच्या दुकानातल्या पोरानं विचारलं होतं, “आबा, हाई काम गनवर व्हई जाई ना?” म्हटलं, “व्हई जाई, पन आटाबी जातीन.”

काम इथं संपत नाही. पहिल्या थोड्या प्रवासानंतर टायरचं रबर दबतं आणि बोल्ट सैल पडतात. ते पुन्हा तपासायचे. पुढं दर रपेटीआधीही. ज्याला एवढा कंटाळा येतो त्यानं या वाटेला जाऊ नये.

आता मुख्य गोष्ट. जुन्या ट्यूबवाल्या ट्रकच्या डिस्कला लॉकरिंग, म्हणजे टायर अडवून धरणारी लोखंडी रिंग असते. नीट न बसलेली रिंग हवा भरताना उडाली तर तोफेच्या गोळ्यासारखी येते. त्यामुळे आमच्या धंद्यातला जुना माणूस चाक पालथं घालून, रिंग जमिनीकडे करून, भोकांतून टॉमी (लोखंडी पहार) सारून हवा भरतो. ही भीती त्याच्या हाडात मुरलेली आहे. नव्या पोराला बीडलॉकच्या बाबतीत ती नाही, कारण बाजारात नुसत्या शोभेच्या रिंगाही मिळतात. दिसायला तेच बोल्ट, तीच रिंग, पण काहीच आवळलेलं नाही. एका चाकाचे बोल्ट काढले तर शोभेची पट्टी हातात येते. दुसऱ्याचे, आत हवा असताना काढले, तर रिंग तोंडावर. बाहेरून फरक कळत नाही. उलटाही धोका आहे: शोभेची रिंग खरी समजून कुणी हवा आठवर आणली, तर टायर पहिल्याच वळणावर निघेल.

त्यामुळे माझ्या दुकानात नियम एकच: रिंग दिसली की आधी व्हॉलची पिन काढायची, हवा पूर्ण जाऊ द्यायची, मगच पाना लावायचा. चाक खरं असो वा खोटं. हवा भरताना कुणी समोर उभं राहायचं नाही, गाडीच्या मालकानंही नाही. व्हिडिओ काढायचाच असेल तर लांबून काढा.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. चाकं घ्यायच्या आधी आरटीओत आणि विमावाल्याकडे विचारून घ्या. गाडी उचलून नेल्यावर दुकानदाराशी भांडायला येऊ नका.

आपल्या पुरवणीत पुन्हा असा लेख आला तर सोबत एक छोटी चौकट छापावी ही विनंती. गाडी दुकानात लावताना मालकानं तीन गोष्टी बोलायच्या: हे चाक बीडलॉक आहे की शोभेचं, बोल्टांचा टॉर्क किती, आणि आत्ता आत हवा किती आहे.

आपला,
एक टायर दुकानदार, चोपडा (जि. जळगाव)