फुकटचे डोळे

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

खगोलशास्त्रात पोस्ट-डॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाची, जागा मिळतेय, पण निम्मं काम सिटिझन सायन्सचं, म्हणजे सामान्य लोकांच्या मदतीने करायच्या संशोधनाचं आहे, म्हणून तू घुटमळते आहेस. गटातलं कुणी ज्येष्ठ म्हणालं म्हणे, "लोकांचे फुकटचे डोळे वापरायचे, त्यात संशोधन कसलं?" फोनवर मी गप्प बसले, कारण त्या फुकटच्या डोळ्यांतले दोन माझेच आहेत आणि मला राग आला होता. आता शांतपणे लिहिते.

गॅलॅक्सी झूचा, म्हणजे इंटरनेटवर चित्रं बघून लोकांनी दीर्घिकांचे आकार ओळखायच्या प्रकल्पाचा, इतिहास तुला पाठ आहे. संशोधक केव्हिन शाविन्स्कीने ५० हजार दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, एकट्याने डोळ्यांखालून घातल्या, पण स्लोअन या आकाशाच्या सर्वेक्षणात त्या जवळजवळ ९ लाख होत्या. म्हणून जुलै २००७ मध्ये ख्रिस लिंटॉट आणि त्याने मिळून चित्रं लोकांपुढे ठेवली. पहिल्या वर्षात सुमारे दीड लाख माणसांनी ५ कोटींहून जास्त उत्तरं दिली. हे आकडे सगळे सांगतात. मला त्यातली दुसरीच एक गोष्ट आवडते.

लोकांच्या उत्तरांत घड्याळाच्या उलट दिशेने फिरणाऱ्या सर्पिल, म्हणजे भोवऱ्यासारख्या वळलेल्या भुजांच्या, दीर्घिका जास्त निघाल्या. विश्वाचाच एका बाजूला कल आहे असं निघालं असतं तर केवढी खळबळ! पण त्यांनी घाई केली नाही. काही चित्रं आरशात दिसावीत तशी उलटी करून पुन्हा लोकांपुढे ठेवली. विश्वाचा कल खरा असता तर आकडेही उलटायला हवे होते. ते उलटले नाहीत, पुन्हा त्याच दिशेच्या जास्त. म्हणजे कल आकाशात नव्हता, आमच्या नजरेत होता. एकटा तज्ज्ञ बघत बसला असता तर त्याच्या नजरेचा कल त्याला कुणी दाखवला असता? तुझ्या ज्येष्ठांना हे जरूर विचार. (नको, विचारू नकोस. शिफारसपत्र लागेल.)

आणि हॅनी व्हॅन आर्केल. नेदरलँड्समधली शाळेतली बाई, म्हणून मला जरा जास्तच जवळची. २००७ मध्येच आयसी २४९७ या दीर्घिकेजवळ तिला निळसर डाग दिसला. दिलेल्या पर्यायांत तो कुठेच बसेना, तेव्हा तिने सरळ विचारलं, हे काय आहे? तो निघाला वायूचा प्रचंड ढग. शेजारच्या दीर्घिकेतल्या कृष्णविवराभोवतीचा झगमगाट केव्हाच मंदावला होता, पण आधी निघालेला प्रकाश अजून ढगाला उजळत होता. पुढे विल्यम कील यांच्या गटाने लोकांनाच असे ढग शोधायला लावलं आणि २०१२ मध्ये अशा १९ दीर्घिका प्रसिद्ध केल्या. हॅनीचं कौतुक आहेच, पण तिचा प्रश्न कुणीतरी बाजूला न सारता तपासला, त्याचं मला अधिक वाटतं. तुझ्या वाट्याला येणारं काम तेच आहे.

आता दीर्घिका ओळखायचं हे काम यंत्रं करतील म्हणतेस. करतील, पण ती शिकली आमच्या उत्तरांवर. २०२४ मध्ये युक्लिड दुर्बिणीची चित्रं आली तेव्हाही ती माणसांपुढे ठेवावीच लागली.

करिअर बुडेल ही भीती मात्र मला पटत नाही. कॅरेन मास्टर्स यांनी लोकांच्या याच उत्तरांवरून लाल सर्पिल दीर्घिकांवर २०१० मध्ये शोधनिबंध लिहिला. पुढे त्या हॅवरफर्ड कॉलेजात प्राध्यापक झाल्या आणि स्लोअनच्या चौथ्या टप्प्याच्या प्रवक्त्याही. बाकी हा धंदाच अस्थिर. दोन-तीन वर्षांचे करार, दर वेळी नवा देश, दुर्बिणीच्या वेळेसाठी अर्ज आणि बहुतेकदा नकार. सिटिझन सायन्स सोडलंस म्हणून त्यातलं काहीही टळणार नाही.

मात्र सही करण्याआधी दोन गोष्टी लेखी घे. वर्षातले किती महिने तुझ्या स्वतःच्या संशोधनाला मिळतील, आणि लोकांच्या उत्तरांतून जे निबंध होतील त्यांत पहिलं नाव कधी तुझं असेल. स्वयंसेवकांची पत्रं सांभाळायचं काम बायकांच्या गळ्यात घालून लेखन दुसऱ्यांनी करायचं, हे मी शाळेत पुष्कळ पाहिलंय. ते विद्यापीठात होत नसेल यावर माझा विश्वास नाही.

जागा घेतलीस तर लोकांना विचारायच्या प्रश्नांचा पहिला मसुदा मला पाठव. दीर्घिकेच्या मधला ताऱ्यांचा "पट्टा" आणि तिची "भुजा" यांतला फरक चित्राशिवाय विचारला असेल तर मी परत पाठवीन.

तुझी,
आई