तेलाचं भांडण तेलापुरतं ठेवा, नेपाळची वाट कशाला अडवता?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आमच्या इंदूरात सोयाबीनवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बसलं की एकच धोशा ऐकू येतो, नेपाळची बॉर्डर बंद करून टाका. राग मला समजतो हो, एका तेलाच्या प्लांटमध्ये हिशेबाच्या खात्यात माझी सगळी नोकरी गेली. पण इलाज चुकीचा सुचवतायत म्हणून हे पत्र.

गोष्ट अशी की नेपाळात सोयाबीन पिकतं नावापुरतं. कच्चं सोयातेल ते परदेशातून आणतात, जहाज लागतं आपल्याच कोलकाता-हल्दियाकडे, तिथून आपल्याच रस्त्यानं माल नेपाळच्या बिरगंज, बिराटनगरला जातो, तिथं रिफाइन होतो आणि साफ्टाखाली, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या मुक्त व्यापार कराराखाली, शून्य आयात ड्युटीत परत आपल्याच बाजारात. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून कच्च्या तेलावरची एकूण ड्युटी २७.५ आणि रिफाइंडवरची ३५.७५ टक्के केली, आणि फावलं कोणाचं तर नेपाळच्या रिफायनऱ्यांचं, कारण ड्युटी जेवढी जास्त तेवढा त्यांचा फायदा मोठा. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४८९२ रुपये आणि छावणी मंडीत व्यापारी मूठभर दाणे तळहातावर चोळून, ओलं आहे म्हणून नाक मुरडून, साडेचार हजाराच्याही खाली बोली लावत होते. शेतकऱ्याने बिरगंजच्या नावाने बोटं मोडली तर नवल नाही.

पण माल एक आणि वाट दुसरी, हे आपल्याच लोकांनी एकदा ओळखलं होतं. १९७८ मध्ये जनता सरकारच्या काळात, परराष्ट्र खातं आपल्या ग्वाल्हेरच्या अटलजींकडे असताना, नेपाळशी व्यापाराचा करार वेगळा आणि ट्रान्झिटचा, म्हणजे आपल्या देशातून माल नेण्या-आणण्याचा, वेगळा झाला, म्हणजे उद्या मालावरून वाद झाला तरी समुद्राकडे जायची वाट चालू राहील. १९८९ मध्ये राजीव गांधींच्या सरकारला पुन्हा एकच करार हवा होता, त्यात नेपाळने चीनकडून शस्त्रं घेतल्याचा राग, मग मार्चमध्ये दोन्ही करार संपू दिले आणि बिहारच्या सीमेवरचे रक्सौल, जोगबनी सोडून बाकी नाके बंद. वर्षभराहून जास्त चाललं ते, रॉकेलसाठी लोक रांगेत उभे. मग २०१५, भूकंपाला पाच महिने होतात न होतात तोच नवीन राज्यघटनेवरून नेपाळच्या तराईत तिथल्या मधेशी लोकांचं आंदोलन आणि बिरगंजचा नाका ठप्प. दिल्ली सांगत राहिली की नाका मधेशींनी अडवलाय, आपण नाही, पण काठमांडूत गॅसच्या रिकाम्या सिलिंडरवर बसून राहिलेल्या माणसाला हे कोण पटवणार! नेपाळचे तेव्हाचे पंतप्रधान ओली यांनी मार्च २०१६ मध्ये बीजिंगला जाऊन ट्रान्झिटचा करार केला, २०१९ मध्ये त्याचा प्रोटोकॉल झाला आणि कागदावर तिआनजिनसह चीनची चार बंदरं नेपाळला मिळाली.

आता म्हणाल की तिआनजिन कुठे आणि काठमांडू कुठे. खरंच आहे, हिमालय ओलांडून तीन हजार किलोमीटरच्या वर, नेपाळ-चीन सीमेवरचा रसुवागढीचा पूल तर जुलै २०२५ च्या पुरात वाहूनच गेला, माल फारसा तिकडून येत नाही. पण ओलींना माल आणायचा होताच कुठे, त्यांना दिल्लीशी बोलताना दाखवायला एक पत्ता हवा होता आणि तो आपणच त्यांच्या हातात दिला. त्यानंतर आपली धावपळ बघा, बिहारच्या मोतिहारीपासून नेपाळच्या अमलेखगंजपर्यंत ६९ किलोमीटरची पेट्रोलियमची पाइपलाइन २०१९ मध्ये सुरू, बिहारच्या जयनगरहून नेपाळच्या कुर्थापर्यंतची रेल्वे २०२२ मध्ये. ही कामं छानच झाली, आधी का सुचली नाहीत एवढंच.

आणि अडवणूक काय असते हे आपल्याला दुसऱ्या बाजूने चांगलंच ठाऊक आहे की. पाकिस्तान आपला माल वाघ्यावरून अफगाणिस्तानात जाऊ देत नाही, म्हणून इराणचं चाबहार बंदर गाठलं, अफगाणिस्तानात जरांज-देलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता बांधला, २०१७ मध्ये कांडल्याहून गहू त्या वाटेने पाठवला, २०२४ मध्ये दहा वर्षांचा करार केला आणि तिथेही अमेरिकेच्या निर्बंधांची टांगती तलवार. अरे, आपल्या मध्य प्रदेशालाच कुठे समुद्र आहे, इंदूरजवळच्या पिथमपूरचा कंटेनर मुंद्रा नाहीतर न्हावाशेवा बंदरात जातो, गुजरात आणि महाराष्ट्राने उद्या रुसून नाका लावला तर?

तेलाचा बंदोबस्त कस्टमच्या टेबलावर होतो. नुसतं रिफाइन केलं म्हणून तेल नेपाळचं ठरतं का, किती किमतीची भर तिथं पडली, हे प्रत्येक कन्साइनमेंटचे कागद तपासून ठरवा, नेपाळशी बसून वर्षाचा कोटा बांधा, ड्युटी सुधारा. मे २०२५ मध्ये कच्च्या तेलावरची ड्युटी १६.५ वर आणली तसा नेपाळी तेलाचा फायदा कमी झालाच, आता त्यात आपला शेतकरी पुन्हा भरडला गेला ती तक्रार दिल्लीकडे करायची, रक्सौलच्या नाक्यावर नाही.

जाता जाता एक विनंती. आपल्या बाजारभावाच्या पानावर सोयाबीन आणि तेलाचे भाव रोज येतात, त्याच कोपऱ्यात चालू ड्युटीचा आकडाही छापत चला.

आपला,
एक जुना वाचक
सुदामा नगर, इंदूर