शब्दसूचीला एकच रकाना पुरत नाही

महोदय,

यंत्राकडून होणाऱ्या भाषांतराविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. चांगली शब्दसूची हाताशी असली की तांत्रिक मजकूर कोणत्याही भाषेत बिनचूक नेता येतो, हे त्यातले विधान मला मुळीच पटले नाही. मी इंग्रजीतून पोर्तुगीजमध्ये यंत्रांच्या माहितीपुस्तिका आणि चाचणी अहवाल नेण्याचे काम करते.

'स्ट्रेन' हा एकच शब्द घ्या. धातूची पट्टी ओढल्यावर तिची लांबी मुळाच्या मानाने किती बदलली, हे सांगायचे तर 'देफॉर्मासांव'. जिवाणूंच्या अहवालात 'वाण' या अर्थाने येणारा तोच शब्द ब्राझीलमध्ये 'सेपा' आणि पोर्तुगालमध्ये 'इश्तिर्प' होतो. खेळाडूचा स्नायू ताणला गेला, तर ब्राझीलचे डॉक्टर 'इस्तिरामेंतू' लिहितात. आणि स्ट्रेन मोजणारा गेज? अभियंते त्याला 'एस्तेंसोमेत्रू' म्हणतात. 'देफॉर्मासांव'चा त्या नावात मागमूसही नाही.

'स्ट्रेस'चा पेच वेगळा. अभियांत्रिकीत तो 'तेंसांव', पण व्होल्टेजही 'तेंसांव'च! विजेच्या मोटरच्या अहवालात शाफ्टवरचा ताण आणि वाइंडिंगचे, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांचे, व्होल्टेज एकाच पानावर येतात. तिथे मी दोन्हीकडे 'यांत्रिक' आणि 'विद्युत' या अर्थाची विशेषणे जोडतेच, मग शब्द वाढले म्हणून ग्राहक कुरकुरला तरी चालेल. पोर्तुगालमध्ये तर रक्तदाबालाही 'तेंसांव' म्हणतात.

पोर्तुगीज भाषिक देशांच्या 1990 च्या करारानंतर पोर्तुगीज एकच झाली, असे अनेकांना वाटते. तो करार शुद्धलेखनापुरता होता. काँक्रीट आजही ब्राझीलमध्ये 'कोंक्रेतू' आणि पोर्तुगालमध्ये 'बेतांव'च आहे. युरोपीय संघाचा 'आयाटे' हा संज्ञाकोश प्रत्येक नोंदीपुढे विषय देतो, ही त्याची मोठी सोय. पण त्यातली पोर्तुगीज साहजिकच पोर्तुगालची. साव पावलोला जाणाऱ्या पंपाची पुस्तिका त्यावर विसंबून लिहिली, तर तिथल्या फिटरला ती परकी वाटेल.

म्हणून भाषांतराचे काम देणाऱ्या कंपन्यांना माझी कळकळीची विनंती आहे : शब्दसूचीत विषय आणि देश असे दोन रकाने वाढवा, आणि मजकुरासोबत यंत्राचे रेखाचित्र पाठवा. रेखाचित्र समोर असले की निम्म्या शंका विचाराव्याच लागत नाहीत.

— एक पोर्तुगीज भाषांतरकार