विषय : मॅप चार्टमधून जिल्हे गायब होणे आणि दोष आमच्या डेटावर ढकलणे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या मदत केंद्राशी आज सातव्यांदा बोलले आणि फोन ठेवून लगेच हे लिहायला बसले आहे. मॅप चार्ट कसा चालतो हे तुम्हाला सांगत बसत नाही, तो तुम्हीच विकता.

मार्केट यार्डाजवळच्या आमच्या गोदामातून ठिबकचं साहित्य आणि पंप राज्यभर जातात. दर सोमवारी जिल्हावार विक्री तुमच्या डॅशबोर्डवर चढवते आणि बैठकीत मालक नकाशा उघडतात : विक्री जास्त तो जिल्हा गडद, कमी तो फिका. छत्तीस ओळींचं कोष्टक कोणी वाचत नाही, रंग सगळ्यांना दिसतो. म्हणून तर वर्षाचे पैसे आगाऊ भरून तुमचा वरचा प्लॅन घेतला.

गेल्या सोमवारी गुजरातच्या सीमेपर्यंतचा सगळा पट्टा फिका दिसत होता. मालकांनी विचारलं, तिथला आपला माणूस करतो काय? तो चार वर्षं डहाणूच्या चिकूच्या बागांपासून जव्हार-मोखाड्यापर्यंत मोटारसायकलवर फिरतो आहे. त्याचा भाग काढून घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. मी मूळ शीट उघडली, तर पालघरच्या त्रेचाळीस ऑर्डरी तिथे होत्या आणि तुमच्या नकाशात एकही नव्हती. कारण तुमच्या नकाशात पालघर जिल्हाच नाही. १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून तो वेगळा झाला, तुमच्याकडे अजून अख्खं ठाणेच आहे. ठाणे शहरात ठिबक कोण घेणार? तो फिका रंग त्या सगळ्या पट्ट्यावर पसरला आणि पालघरच्या ओळी गुपचूप गळल्या. ना सूचना, ना लाल खूण.

छत्रपती संभाजीनगरचंही तेच. जिल्ह्याचं नाव २०२३मध्ये बदललं. नवं नाव टाकलं की जिल्हा पांढरा होतो, आणि तुमच्या रंगपट्टीत पांढरा म्हणजे शून्य. विक्री झाली नाही आणि नाव ओळखता आलं नाही, या दोन गोष्टींना एकच रंग!

आता आजचं बोलणं. तुमच्या प्रतिनिधीने सांगितलं, “मॅडम, जुनं नाव टाका.” मी म्हटलं, तुमच्याच सांगण्यावरून टाकलं होतं, तर नावावरून ठिकाण शोधून तिथे वर्तुळ काढणाऱ्या तुमच्या दुसऱ्या नकाशात तिथली आमची सगळी विक्री बिहारमध्ये गेली. ते थोडा वेळ थांबले, कीबोर्डचा आवाज येत होता. मग म्हणाले, “बरोबरच आहे मॅडम, औरंगाबाद बिहारमध्येच आहे.” मी म्हटलं, बिहारमध्येही आहे, पण माझ्या शीटमध्ये शेजारच्या रकान्यात ‘महाराष्ट्र’ लिहिलं आहे, तो रकाना तुमचा नकाशा वाचत का नाही? त्यावर, “तुम्ही तुमचा डेटा क्लीन करून घ्या.” मी अकरा वर्षं हेच काम करते आहे. शांतपणे पुन्हा विचारलं, तर उत्तर आलं, “मॅप जमत नसेल तर बार चार्ट वापरा ना.” जमत नसेल तर! पाच मिनिटांत मेल आला : तक्रारीचं तिकीट बंद, कारण ‘ग्राहकाच्या डेटातील त्रुटी’.

त्याआधीच्या फोनवर अक्षांश-रेखांश भरायचा सल्ला मिळाला होता. दोन दिवस बसून भरले. तुमच्या नमुना फाइलमधले दोन रकाने उलटे होते, म्हणून १८.५२ आणि ७३.८६वरचं आमचं पुणे नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन बसलं. तेव्हाही त्रुटी आमचीच ठरली. खेड पुणे जिल्ह्यात आहे तसं रत्नागिरीतही आहे, कर्जत रायगडात आहे तसं अहिल्यानगरमध्येही. नुसत्या नावावर गाव शोधणारा नकाशा इथे चालणार नाही, हे विकण्यापूर्वी तपासायला हवं होतं.

मला काय हवं ते स्पष्ट लिहिते. नकाशात न बसलेल्या ओळी किती आणि कोणत्या, हे नकाशाखालीच दिसलं पाहिजे. माहिती नसलेल्या जिल्ह्याला शून्यापेक्षा वेगळा रंग द्या. सीमा आजच्या घ्या. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत जिल्ह्यांना आणि तालुक्यांना कोड आहेत, त्या कोडवर जोडायची सोय द्या, म्हणजे स्पेलिंगपाशी सगळं अडणार नाही. आणि ‘ग्राहकाच्या डेटातील त्रुटी’ हा शेरा लेखी मागे घ्या.

आणखी एक. नकाशा लहान केला की देशाच्या उत्तर सीमेवर तुटक रेषा दिसते, जणू ती सीमा वादातच आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं हा १९६१च्या फौजदारी कायदा सुधारणा अधिनियमाखाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तो नकाशा आमच्या नावाच्या अहवालात छापला जातो. पुढचा अहवाल तुमच्या नकाशाशिवाय जाईल.

मीच मालकांकडे हट्ट करून तुमचं सॉफ्टवेअर घ्यायला लावलं होतं. आता त्या सहकाऱ्यासमोर उभं राहून त्याचं काम खरं होतं आणि नकाशा खोटा होता, हे मला सांगावं लागलं.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या. नाही आलं तर नूतनीकरण होणार नाही, उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मागू, आणि यार्डातल्या ज्या दोन व्यापाऱ्यांना मी तुमचं नाव सुचवलं होतं त्यांना हेच पत्र वाचायला देईन.

विक्री माहिती विभाग,
मार्केट यार्ड, पुणे

सोबत : मूळ शीट, नकाशाची चार छायाचित्रे, बंद केलेल्या तिकिटाचा मेल