१५ नोव्हेंबरची बैठक : पत्रे आणि रिकामी खुर्ची

सभासदहो, येत्या रविवारी, १५ नोव्हेंबरला, सायंकाळी ५ वाजता ग्रंथालयाच्या वरच्या सभागृहात जमायचे आहे. या वेळी स्वतःच्या कविता-कथांचे वाचन नाही.

१९२१ साली लंडनमध्ये स्थापन झालेली 'पेन' ही लेखकांची आंतरराष्ट्रीय संघटना हा दिवस जगभरच्या तुरुंगातील लेखकांसाठी पाळते. सोफिया वाडिया यांनी तिची भारतीय शाखा मुंबईत सुरू केली होती, तेव्हा हे काम आपल्याला परके नाही. प्रथेप्रमाणे व्यासपीठावर एक खुर्ची तुरुंगातील लेखकाच्या नावाने रिकामी राहील. कृपया तिच्यावर पिशव्या ठेवू नयेत!

• प्रत्येकाने एका लेखकाला पत्र लिहायचे आहे. नावे व पत्ते बैठकीत मिळतील.
• पत्र आधी तुरुंगातले अधिकारी वाचतात. म्हणून खटला, सरकार, राजकारण यांबद्दल एक ओळही नको. पाऊस, वाचन, आपले गाव यांवर खुशाल लिहा. मजकूर पोस्टकार्डाएवढाच पुरे.
• इंग्रजी जमत नसेल तर मराठीत लिहा, अनुवाद समिती करून देईल.
• टपालखर्च मंडळाचा.

येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत चिटणीसांना कळवावे.

— चिटणीस